शोभेची लोककला नको, सुनावणारी हवी

समाजपरिवर्तन कशाने घडते, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांत विचारून पाहावा. कायद्याने, शिक्षणाने, निधीने, फार तर एखाद्या आंदोलनाने, अशी ठरावीक उत्तरे येतील. लोककलेने घडते, असे म्हणणारा विरळाच. लोककला ही आपल्या लेखी करमणूक. आणि आता तर करमणुकीवरूनही उतरून ती निव्वळ शोभा झाली आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत पुढे लेझीम, मागे दिंडी आणि मधल्या ट्रकवर फेटा बांधलेला शाहीर उभा केला, छायाचित्रे निघाली, की संस्कृतिरक्षणाचे कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात आपण दुपारच्या श्रीखंडाला बसतो.

हे समाधान फसवे आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे. महाराष्ट्रातील लोककला मिरवण्यासाठी जन्माला आल्या नाहीत. समाजाला त्याचे दोष त्याच्याच भाषेत, त्याच्याच अंगणात ऐकवणे आणि ऐकवून झाल्यावर उद्याची उमेद देऊन घरी पाठवणे, हे त्यांचे काम होते. ज्या कलेला गाव आपल्या खिशातून पोसते, तिलाच गावाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार प्राप्त होतो. जी कला मिरवणुकीत उभी केली जाते किंवा केवळ अनुदानावर जगवली जाते, तिचा हा अधिकार हळूहळू संपतो. आज आपल्यापुढील खरा प्रश्न लोककला टिकवण्याचा नसून तिचा हा अधिकार टिकवण्याचा आहे.

भारुडापासून जलशापर्यंत

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी, घरात संस्कृत विद्येचा वारसा असताना, भारुडाचा आश्रय का घेतला असेल? वासुदेव, गोंधळी, जोशी, महार अशी समाजाच्या सर्व थरांतील पात्रे त्यांनी भारुडांत बोलती केली. पंडितांच्या सभेत जे पचले नसते, ते चौकातल्या माणसांच्या हसत-खेळत गळी उतरवले. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) तर कीर्तनाचे रूपच पालटून टाकले. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावापुढे उभे राहायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे एक प्रकारची उलटतपासणीच असे. प्रश्न बाबांनी विचारायचा, उत्तर श्रोत्यांनी द्यायचे. कर्ज काढून साजरे केलेले सण, देवापुढे कापलेले बकरे, शिवाशीव, दारू, मुलांना शाळेत न घालणे, या साऱ्यांबद्दलची कबुली गावाच्याच तोंडून वदवून घ्यायची. विदर्भात तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीच्या साथीने हेच कार्य पुढे नेले.

सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांनी, जेथे वृत्तपत्र पोहोचत नव्हते त्या वस्त्यांत, शिकण्याचा आणि ताठ मानेने जगण्याचा संदेश नेला. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा राजकीय जागृती घरोघर नेली ती मेळ्यांच्या गाण्यांनी. स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत अस्पृश्यतेविरुद्ध लेख लिहीत होते, भाषणे देत होते. तरीही १९२७ मध्ये त्यांना याच विषयावर 'संगीत उःशाप' हे नाटक रंगभूमीला द्यावेसे वाटले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी डफावर थाप मारली. त्यांच्या साम्यवादी विचारांशी आपले जमणारे नाही. परंतु त्यांच्या शाहिरीने मराठी माणूस पेटून उठला, हे नाकारणे कोतेपणाचे ठरेल.

इतक्या भिन्न, किंबहुना परस्परविरोधी विचारांची माणसे एकाच साधनाकडे वळली, हा योगायोग म्हणता येणार नाही. वाचणारे मूठभर असतात. ऐकणारे आणि पाहणारे सारे गाव असते, हे या सर्वांनी ओळखले होते.

झाडीपट्टीचा धडा

हे सारे जुने झाले, आता घरोघरी दूरचित्रवाणी आणि हातोहाती मोबाईल आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्व विदर्भात जाऊन यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलव्याप्त टापूला झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी होते, भाऊबीजेपासून मंडया भरू लागतात आणि गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री जेवणे उरकून पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत खाली येत नाही. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकमंडळ्यांचे मोठे केंद्र. गावाने तेथे जाऊन नाटक ठरवायचे, बिदागी ठरवायची, मंडप उभारायचा आणि तिकीट काढून ते पाहायचे. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही जोडी पूर्वापार चालत आलेली. २०१४ च्या न्यायालयीन निकालाने पट काही वर्षे थांबले, तरी नाटक थांबले नाही. मुंबई-पुण्याची रंगभूमी प्रेक्षकांच्या नावाने उसासे टाकत असताना, ज्यांना आपण मागास म्हणून हिणवतो त्या जिल्ह्यांतील शेतमजूर पदरचे पैसे मोडून रात्रभर नाटक पाहतो.

आणि काय पाहतो? दारूने उद्ध्वस्त होणारे घर, हुंड्यापायी गांजलेली लेक, सावकाराच्या पाशात सापडलेला शेतकरी, भोंदूच्या नादी लागलेले कुटुंब. शहरी समीक्षकाला हे भडक वाटेल, त्यातील विनोद ढोबळ वाटेल. वाटो बापडा! समोर बसलेल्या बाईला रंगमंचावर आपलेच घर दिसते आणि ते मोडलेले घर पुन्हा सावरू शकते, हेही तिला त्याच रात्री दिसते. आशा आशा म्हणतात ती याहून निराळी काय असते?

दारूचेच उदाहरण घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये ती लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवलीही गेली. कायदा अवश्य हवा. पण कायद्याने दुकान बंद होते, घरातला माणूस बदलत नाही. शासनाच्या एका सहीने येणारी बंदी दुसऱ्या सहीने जाते. शेजाऱ्यापाजाऱ्यांसह मंडपात बसलेल्या माणसाला जी लाज वाटते आणि जो निश्चय सुचतो, त्यावर मात्र कोणाची सही चालत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. याच जंगलात नक्षलवाद्यांनी दशकानुदशके बंदुकीचे राज्य चालवले. बंदुकीबरोबर त्यांनी नाच-गाण्याचे पथकही बाळगले. चेतना नाट्य मंच हे त्याचे नाव. वनवासी युवकाच्या मनाची वाट कोणत्या दारातून जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याला का नसावे? ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या त्यांच्या ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. याचे श्रेय सुरक्षा दलांच्या पराक्रमाला आहेच. परंतु बंदूक गप्प झाल्यावर जी पोकळी उरते, ती पोलीस चौकीने भरत नाही. रस्ता येईल, मोबाईलचा मनोरा येईल, खाणीही येतील. आणि त्यांच्यामागून येईल ती स्वस्त, सवंग करमणूक. मंडईतील नाटकाच्या जागी आता कोठे कोठे ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे नाच होऊ लागले आहेत, ही त्याची चाहूल आहे. त्या युवकाच्या हाती उद्या काय पडणार, हे आपण आज ठरवायचे आहे.

अनुदानाची मर्यादा

शासन काहीच करत नाही, असे नाही. झाडीपट्टीतील अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ही या साऱ्या रंगभूमीची नोंद दिल्लीने घेतल्याची खूण होय. परंतु शासनाला लोककला हवी असते ती योजनेच्या प्रचारासाठी. संहिता कार्यालयातून येते, कलापथक ती म्हणते, अहवाल वर जातो. गाडगेबाबांच्या नावे २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि त्याने अनेक गावांत चांगले काम उभे केले. तथापि त्यात बाबांचा खराटा आला, बाबांचे कीर्तन आले नाही. कारण कीर्तन प्रश्न विचारते, आणि प्रश्न विचारणाऱ्याचे देयक मंजूर करणे कोणत्याही खात्याला जड जाते.

दोष आपलाही आहे

सरकारकडे बोट दाखवून मध्यमवर्गाला सुटता येणार नाही. तमाशा बीभत्स झाला, अशी तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. तक्रारीत तथ्य आहे. पण ज्या मंडपातून सुसंस्कृत म्हणवणारा प्रेक्षक उठून गेला, तेथे शिट्ट्या मारणारेच उरणार, याला जबाबदार कोण? कोल्हाटी, महार, मातंग समाजांतील कलावंतांनी ही कला जगवली. आपण तिचा आस्वाद घेतला आणि कलावंताला उंबऱ्याबाहेर ठेवले. श्रीधर कुलकर्णी (१८६६-१९४५) जातीची चौकट मोडून पठ्ठे बापूराव झाले. त्यांची लावणी समाजाला हवीशी झाली, तो माणूस नकोसा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले, ते अखेरचे दिवस हलाखीत काढून. आज त्यांच्या नावे शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. जिवंतपणी भाकरीची भ्रांत आणि मागे नावाचा पुरस्कार, हा आपला न्याय!

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे यात्रा-जत्रा बंद राहिल्या. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. फडांच्या वर्षभराच्या पोटाची ती सोय. दोन हंगाम हातचे गेले आणि फडमालक कर्जात बुडाले. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांना त्यांची आठवण झाली? व्यासपीठावरून समरसतेचा उच्चार करणे सोपे आहे. लोककलावंताच्या शेजारी जमिनीवर बसून त्याचे ऐकणे आणि ऐकल्यावर त्याला पंक्तीला घेणे, येथे तिची परीक्षा होते.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या भाषेचे जिवंत रूप झाडीबोलीत, भारुडात आणि बतावणीत नांदते आहे, तेथे पेढ्यांचा पुडा घेऊन कोण गेले?

म्हणून प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याला आणि प्रत्येक गणेशोत्सव मंडळाला आग्रहाचे सांगणे आहे. या वर्षी ध्वनिवर्धकांच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चातील एका रात्रीचा खर्च लोककलावंताला द्यावा. तो पूर्ण द्यावा, आगाऊ द्यावा, आणि उपकार म्हणून नव्हे तर मोबदला म्हणून द्यावा. प्रयोग पंधरा मिनिटांत गुंडाळायला लावू नये. घरातील मुलाबाळांना पुढच्या रांगेत बसवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, संहितेला कात्री लावू नये. कीर्तनकाराने आपल्या घरातील हुंड्यावर बोट ठेवले, सोंगाड्याने आपल्या पुढाऱ्याची टोपी उडवली, शाहिराने आपल्या मनातील जातीची गाठ सर्वांसमक्ष सोडली, तर रागाने उठून जाऊ नये. ते शब्द दुसऱ्या कोणासाठी नसतात, ते आपल्यासाठीच असतात.

ऐकून घेण्याची ही तयारी नसेल, तर यंदाच्या शोभायात्रेत शाहिराला फेटा बांधून उभे करण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.