पंचाहत्तर घोडे आणि दोन बैलजोड्या



मागच्या कार्तिकात माझी नवी कोरी पिकअप पांदणीत रुतली. गाडीत दहा क्विंटल कापूस, रात्री अवकाळी पडून गेलेला आणि खाली आपली काळी माती. पुढचे सांगायला नको. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजले, मागची चाके जागच्या जागी फिरली आणि गाडी वीतभर खाली गेली. पुन्हा दाबला, आणखी वीतभर. शेवटी शेजाऱ्याने दोन बैलजोड्या आणून जुंपल्या, पोरांनी मागून रेटा दिला, तेव्हा गाडी वर आली. कासरा गुंडाळता गुंडाळता शेजारी म्हणाला, "किती घोड्यांची म्हणाला होतास?"

पंचाहत्तर घोड्यांची. याच आकड्यावर मी शोरूममध्ये भाळलो होतो. दोन लाख कमी किमतीची गाडी शेजारीच उभी होती. तिच्याकडे बघितलेसुद्धा नाही. विक्रेता पोरगा म्हणाला, "काका, शेतीचं काम म्हणजे ताकद पाहिजे." मला ते पटले, कारण मला ते पटवूनच घ्यायचे होते. गावातल्या दुसऱ्या पिकअपपेक्षा आपली मोठी, एवढाच खरा हिशेब होता. हसे माझे झाले त्याचे काही नाही. पण गेल्या दोन वर्षांत तालुक्यात जितक्या पिकअप आल्या, त्यांतल्या निम्म्या तरी याच हिशेबाने आल्या असाव्यात. त्या गाड्यांचे हप्ते एचपीतून फिटत नाहीत, कापसातून फिटतात. म्हणून हे लिहितो आहे.

एचपी म्हणजे काय ते शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले की एक एचपी झाला. वजन उचलणे जितके मोठे, तितकेच ते किती वेळात उचलले हेही त्यात धरलेले आहे. तेच वजन सावकाश उचला, एचपी कमी लागतो. आता आपल्या गाडीचा हिशेब करा. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. दहा फुटाला एक फूट चढ, म्हणजे आपल्याकडे ज्याला अवघड म्हणतात तसा. चढावर वर ओढायला तीनशे किलोचा जोर लागतो, खराब रस्त्याची ओढ साठ किलो आणखी धरा. ताशी १० किलोमीटरने चढायचे तर तेरा-चौदा एचपी होतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाते ते धरून पंधरा-सोळा. तोच चढ ताशी ४० ने चढायचा असेल तर त्याच्या चौपट, साठच्या पुढे. म्हणजे जादा एचपीचे पैसे आपण कशाचे मोजतो? घाईचे. कापूस घेऊन घाट ताशी ४० ने चढायची घाई ज्याला आहे त्याने जरूर मोजावेत.

१६ एचपीला हसू नका. २००५ साली टाटांची 'एस' बाजारात आली, जिला सगळा देश छोटा हाथी म्हणतो, तिचे इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि बरोबर १६ एचपीचे होते. पाऊण टन माल घेऊन ती गल्लीबोळांत आणि खेड्यापाड्यांत फिरली. तिने कोणाची शर्यत जिंकली नाही, पण माल पोचवला.

मग मोठे इंजिन हा सगळाच बनाव आहे का? नाही, आणि तसे म्हणणाऱ्याचेही ऐकू नका. बघायचा आकडा मात्र दुसरा आहे. त्याला टॉर्क म्हणतात, आपल्या भाषेत ओढ. कंपनीच्या कागदावर तो 'एनएम'मध्ये लिहिलेला असतो आणि त्याच्या पुढे तो किती आरपीएमला मिळतो हे बारीक अक्षरांत असते. टाटांची इंट्रा व्ही ३० बघा: १४९६ सीसी, ७० एचपी. महिंद्रांची बोलेरो पिकअप बघा: २५२३ सीसी, ७६ एचपी. एचपीवर बोट ठेवले तर फरक सहाचा, म्हणजे काहीच नाही. पण ओढ बघा. पहिलीची १४० एनएम, दुसरीची २०० च्या घरात, आणि तीही १४०० आरपीएमपासून. पूर्ण भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा हलवायची असेल तेव्हा हा फरक क्लचला कळतो. रोज दीड टन वाहणाऱ्याने दुसरीकडे बघावे, त्यात दुमत नाही. एचपीचा आकडा बघून निवडणाऱ्याला मात्र हा फरक दिसलाच नसता.

विहिरीवर मोटर बसवताना आपण किती शहाणे असतो! पाणी किती खोल, झरा किती, पाइप किती इंची, सगळे विचारून मग तीन एचपी की पाच ते ठरवतो. तीनच्या पाण्यावर साडेसातची मोटर बसवली तर ती अर्ध्या तासात विहीर कोरडी करून वारा ओढते, हे पोरालाही माहीत आहे. मग चार चाकांवर बसवलेल्या मोटरीला हा नियम का लावत नाही? कारण विहिरीवरची मोटर पाहुण्यांना दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. गाडीत भरायचे काय? कोरडवाहू माणसाच्या मालाचे दोन प्रकार. कापूस आणि कडबा हा फुगीर माल. हौदा आधी भरतो, वजन मागे राहते. तुडवून भरा, जाळी लावून डोक्याच्या वर न्या, तरी गाडीची भारक्षमता शिल्लकच राहते. या मालाला लांब-रुंद हौदा पाहिजे, मोठे इंजिन नको. ज्वारी, तूर, खत हा जड माल. तिथे उलटे. ज्वारीची सतरा पोती म्हणजे सतरा क्विंटल, आणि हौदा अजून अर्धा रिकामा. डोळ्याला वाटते आणखी पाच पोती बसतील. बसतात. इंजिन ओढतेसुद्धा. पण ब्रेक, पाटे आणि टायर कागदावरच्या वजनासाठी बनवलेले असतात. मोठे इंजिन गाडीला उतारावर थांबवत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड कायद्याने २० हजार रुपये आहे आणि वरच्या दर टनाला २ हजार. एवढ्यात ज्वारीचे दुसरे भाडे करून झाले असते.

मी घरी येऊन वहीत वर्षाच्या फेऱ्या मांडल्या. गाडी घेण्याआधी मांडायला हव्या होत्या. कापसाच्या तीन, ज्वारीची एक, तूर-सोयाबीनच्या दोन, खत-बियाण्याच्या दोन, कडब्याच्या तीन. एकूण अकरा. त्यांतल्या कापूस-कडब्याच्या सहा फेऱ्यांना वजन भरतच नाही. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांत माझ्या इंजिनाला खरे काम पाच दिवस. बाकीचे दिवस ते आठवडी बाजाराला वांगी आणि माणसे बघायला जाते.

रिकामे फिरण्याचाही खर्च असतो. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस सहाच्या आहेत. ज्या डिझेल गाडीला काजळी धरून ठेवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आहे, तिला तो फिल्टर जाळून साफ करायला इंजिन चांगले तापावे लागते. दोन किलोमीटर जा, बंद करा, पुन्हा दोन किलोमीटर या, असे मोठे इंजिन थंडच राहते. फिल्टर भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. गाडी घेताना तुमच्या गाडीला डीपीएफ आहे का, हे विचारा. पोराला माहीत नसेल तर मेकॅनिकला बोलवा म्हणा.

कोणी म्हणेल, मोठे इंजिन आरामात चालते, झिजत नाही, जास्त वर्षे टिकते. खरे आहे. लहान इंजिनाला रोज शेवटच्या थेंबापर्यंत पिळले तर ते लवकर संपते. भाड्याने गावाचा माल वाहणार असाल, घाट उतरून लांबच्या बाजारात जात असाल, तर अडीच लिटरचे इंजिन घ्या आणि माझ्या लेखाचे पुडके बांधा. पण वर्षातून पाच दिवसांसाठी टिकाऊपणा विकत घेणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी दुमजली घर बांधण्यासारखे आहे.

आता त्या दोन लाखांचे काय झाले ते सांगतो. कर्ज पाच वर्षांचे, व्याज ११ टक्के. दोन लाखांचा हप्ता महिन्याला ४,३४८ रुपये. वर्षाला ५२ हजारांच्या वर. पाच वर्षांत दोन लाखांचे २ लाख ६० हजार. हा फक्त जादा इंजिनाचा हप्ता, गाडीचा वेगळा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. तो पूर्ण मिळाला असे धरले, कसर आणि ओलावा काही कापला नाही असेही धरले, तरी साडेसहा क्विंटल कापूस दरवर्षी त्या वरच्या सीसीला जातो. कोरडवाहूत एक ते दीड एकर. ते दीड एकर मी पाच वर्षे कंपनीसाठी पेरतो, निंदतो, वेचतो. आणि हप्ता येतो महिन्याला, कापूस येतो वर्षाला. फायनान्सवाल्याला कार्तिक आणि ज्येष्ठ सारखाच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. उपकार मानायचे कारण नाही. त्याच दिवशी ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आला, मग शेतातला माल बाजारात नेणाऱ्या गाडीवर १८ का? पण त्याहून वाईट म्हणजे वाचलेला पैसा आपल्या खिशात राहिला नाही. शोरूमने लगेच हिशेब दिला: "काका, तेवढ्याच पैशात आता वरचं मॉडेल येतं."

गाडी घेऊच नये, असे मी म्हणत नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकाराच्या दिवसांत राज्याची हद्द ओलांडून कापूस नेणे हा गुन्हा होता, हे ज्यांनी सोसले त्यांना माल दाराशी उभा राहणाऱ्या व्यापाऱ्यालाच द्यावा लागणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आज हद्द मोकळी आहे. स्वतःची गाडी असली तर शेजारच्या तालुक्यात भाव विचारायला आपण माल घेऊन जाऊ शकतो आणि नाही पटला तर परत आणू शकतो. एवढी मोकळीक मोठी आहे. पण गाडीवर हप्ता इतका चढवला की पहिल्या वेचणीचा कापूस मिळेल त्या भावाने टाकावा लागतो, तर ती मोकळीक कुठे राहिली? गाडी दारात, आणि माल पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर.

आणि चिखल? चिखलात एचपीने काही होत नाही. माती जेवढा जोर धरते तेवढाच चाकाला उपयोगी, बाकीचा खड्डा खणण्यात जातो. बैलाचा खूर रुतून धरतो, गुळगुळीत टायर धरत नाही. मागच्या चाकांना खोल नक्षीचे टायर, थोडी कमी हवा, वजन मागच्या धुरीवर, आणि एक दिवस ऊन पडू देण्याचा धीर. पांदणीवर मुरूम पडत नाही म्हणून आपण इंजिन वाढवतो. मुरूम मागायचा तर ग्रामसभेत मागा, शोरूममध्ये मिळत नाही.

येत्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी वर्षाच्या फेऱ्यांची वही आणावी: कोणता माल, किती क्विंटल, किती किलोमीटर, किती डिझेल, किती हप्ता. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी कंपनीचा छापील कागद आणावा, तोंडी भाव नको. दुपारच्या जेवणानंतर मंडपाच्या मागे बसू. माझी गाडी तिथेच उभी असेल, चिखल धुऊन आणतो.