लस टोचली, पण लागू पडली का?

गुरांच्या लसीकरणाशी कापडाच्या धंद्याचा काय संबंध, असे काही व्यापारी बंधू विचारतील. लातूर-उदगीरकडे दुकान चालविणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. शेतकऱ्याने बैल विकला की आमची उधारी वसूल होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लंपी रोग पसरत गेला, सप्टेंबरात राज्यातील गुरांचे बाजार बंद झाले आणि हाळी हंडरगुळीसारख्या बाजारावर पोट असणारे नालबंद, कासरे-वेसण विकणारे, टेंपोवाले रिकामे बसले. सरकारने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार रुपये दिले. ते योग्यच झाले. पण नालबंदाची बुडालेली मजुरी कोणत्याच खात्यात लिहिली गेली नाही.

त्या दिवसांत किती जनावरांना लस दिली याचे आकडे रोज छापून येत. पण तो गोदामातून निघालेल्या मालाचा आकडा. गिऱ्हाइकाच्या हाती काय पडले ते त्यावरून कळत नाही. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मराठवाड्याच्या उन्हात खेड्यापर्यंत पोचताना बर्फ वितळला तर टोचणे फुकट. जनावर अशक्त असेल तर चांगली लसही पुरती लागू पडत नाही. लहान वासराला चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडेच आडवी येतात. म्हणून लाळ्या-खुरकताची पहिली लस चौथ्या महिन्यात आणि महिन्याने पुन्हा एक.

लस लागू पडली की नाही, हे रक्त सांगते. मानेच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. ते गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, प्रयोगशाळेत जातो आणि एलायझा चाचणीने त्यातील प्रतिपिंडे मोजतात. लाळ्या-खुरकतासाठी वापरतात त्या पद्धतीत रंग जितका फिका तितकी प्रतिपिंडे जास्त. आम्हा कापडवाल्यांना हे उलटेच वाटेल! ओ, ए आणि एशिया-१ या तिन्ही प्रकारांचे माप वेगळे घ्यावे लागते, कारण एकाविरुद्धची ताकद दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही. लसीआधी एकदा आणि साधारण २८ दिवसांनी पुन्हा नमुना घेतात. आणखी एका चाचणीने जनावराला खरा रोग होऊन गेला आहे का, हेही कळते.

केंद्राच्या २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात अशी मोजणी ठरलेली आहे. माझी तक्रार एवढीच की तिचे निकाल बाजारापर्यंत येत नाहीत. देवणी तालुक्यात शंभरापैकी किती जनावरे सुरक्षित, कंधारला किती, हे बाजार समितीच्या फळ्यावर भावांच्या शेजारी का लिहू नये? समजावून सांगणारे जाणकार उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहेत. आकडा हाती असला तर रोगाची बातमी येताच सगळेच बाजार बंद करण्याआधी कोणता तालुका कच्चा आहे, हे पाहता येईल.

लंपीचा हिशेब मात्र निराळा आहे. तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली. अशा लसीनंतर काही जनावरांत प्रतिपिंडे दिसतच नाहीत, तरी ती रोगापासून वाचतात. म्हणून आकडा तालुक्याचा लिहावा, एकेका जनावराचा लिहू नये; नाहीतर कोरा अहवाल दाखवून दलाल भाव पाडतील, आणि ते पाडतीलच.

बुळकांडी गेली तीही मोजूनच. लस बंद करून, जनावरांचे रक्त तपासून, रोग उरला नसल्याचे दाखवावे लागले, तेव्हा २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग त्या रोगातून मुक्त जाहीर झाले. लाळ्या-खुरकत अजून आहे आणि त्यापायी आपल्या मांसाला अनेक देशांत मज्जाव आहे. कुरेशी बंधूंना हे सांगायला नको.

आपल्यातील शेळीपालक आणि गुरांचे व्यापारीही नमुना देताना कां-कू करतात. दूध आटेल म्हणतात. तेवढ्या रक्ताने दूध आटत नाही. पुढच्या फेरीत डॉक्टर आले तर जनावर धरून द्या, कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि पुढे दवाखान्यात जाऊन तालुक्याच्या निकालाचा तकादा लावा. उधारीसाठी आपण चकरा मारतोच की.