तेलाचा लांबचा फेरा

माणसाला ताप चढला की कपाळावर गार पाण्याची घडी ठेवतात. मोटारीच्या इंजिनाला ताप चढला की रेडिएटरमधलं पाणी धावून येतं. पण ज्या इंजिनात पाण्याचा थेंबसुद्धा नाही, त्याचं काय?

अशी एक गाडी जगभरातल्या शौकिनांच्या गळ्यातला ताईत आहे. पोर्शे ९११! १९६३ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९९८पर्यंत तिच्या इंजिनाला गार ठेवलं ते वाऱ्यानं आणि तेलानं. इंजिन गाडीच्या अगदी मागे. त्यावर एक मोठा पंखा. पण पंख्याचा वारा पोहोचतो तो इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या पोटातली उष्णता बाहेर आणायची ती तेलानं. म्हणूनच आपल्या साध्या मोटारीचं भागतं तीन-चार लिटर तेलावर, तर हिला लागतं नऊ-दहा लिटर. शिवाय हे तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात त्याची वेगळी टाकी असते.

या टाकीची एक गंमत सांगतात. १९७२च्या मॉडेलमध्ये वजनाचा तोल साधण्यासाठी टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचं झाकण बाहेर, उजव्या बाजूला दिलं. झालं! पंपावरची काही मंडळी त्यालाच पेट्रोलचं झाकण समजून त्यात पेट्रोल ओतू लागली. पुढच्याच वर्षी कंपनीनं टाकी मुकाट्यानं जुन्या जागी नेली.

सुरुवातीला १३० अश्वशक्तीच्या इंजिनाला त्याच्या अंगावरच बसवलेला ऑइल कूलर पुरेसा होता. १९६९च्या ‘९११ एस’ची ताकद १७० अश्वशक्तीवर गेली आणि तो अपुरा पडू लागला. दुसरा कूलर हवा होता. पण बसवायचा कुठे? मागे जागा नाही आणि ताजा वाराही नाही. वारा लागतो तो गाडीच्या तोंडावर. तेव्हा कूलर बसला पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत. म्हणजे इंजिन एका टोकाला आणि कूलर दुसऱ्या टोकाला! पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच सव्वादोन मीटरहून अधिक. गरम तेल एका नळीतून पुढे जाणार, गार होऊन दुसऱ्या नळीतून परत टाकीत येणार. या दोन्ही नळ्या उजव्या दाराच्या उंबऱ्याखालून, बाहेरच्या अंगानं नेल्या.

वाट विचारपूर्वक निवडलेली होती. तिथे सायलेन्सरची धग नाही, नळ्यांना जाता जाता वाराही लागतो. मागच्या चाकापाशी एक थर्मोस्टॅट बसवला. सकाळी गाडी सुरू केल्यावर तेल थंड आणि दाट असतं. तेव्हा हा द्वारपाल त्याला पुढे सोडतच नाही. तेल ८५ अंशांच्या आसपास तापलं की मगच पुढची वाट मोकळी होते.

आज या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. नळ्या गंजल्या, कुणी जॅक चुकीच्या जागी लावून त्या चेपल्या, तर कुणी हौसेनं वेगळाच कूलर बसवून नळ्या मनाला येईल तशा फिरवल्या. इथेच घात होतो. नळी फुटली तर काही क्षणांत तेल रस्त्यावर सांडतं. ते मागच्या टायरखाली आलं तर गाडी गरकन फिरते. तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घेतं. आणि यातलं काहीच झालं नाही, तरी तेलाविना इंजिन जाम होतं ते होतंच.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी हत्यार उचलत नाही, वाट पाहून घेतो. इंजिन रबराच्या पायांवर हलतं, तेव्हा इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये लवचीक नळी हवी आणि तिला थोडी ढील हवी. सांगाड्यालगत मात्र धातूची नळी बरी. वळण मोठं घ्यायचं. आखूड वळणात नळी दबते आणि तेल अडतं. पत्र्यातून जाताना भोकाला रबरी कडं आणि ठरावीक अंतरावर रबर लावलेला क्लॅम्प हवाच. वरून पोलादी जाळी असलेली नळी दिसायला मजबूत, पण ती कानशीसारखी असते. जिथे घासेल तिथला पत्रा कापत जाते! पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून आणि स्प्रिंग दाबून पाहायचं. चाक नळीला कुठेही शिवता कामा नये.

जुन्या नळ्या सोडवणं हीसुद्धा एक परीक्षाच. थर्मोस्टॅटची पेटी ॲल्युमिनियमची, नळीचा नट पोलादी. वर्षानुवर्षांच्या सहवासानं दोघे एकजीव झालेले असतात. जोर लावला तर महागाची पेटीच पिचते. अनुभवी माणूस सरळ नट कापतो. नळी जाते, पेटी वाचते.

सगळ्यात फसवी चूक पुढेच आहे. आधीचं इंजिन निकामी झालेलं असेल, तर त्याचा धातूचा बारीक चुरा नळ्यांत आणि कूलरमध्ये दडून राहतो. मालक मोठा खर्च करून इंजिन नवंकोरं करतो, नळ्या मात्र जुन्याच जोडतो. मग तो चुरा तेलाबरोबर नव्या इंजिनात शिरतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो. नळ्या नीट धुता येतात, पण कूलरच्या बारीक वाटा पूर्ण साफ झाल्याची खात्री देणं कठीण. अशा वेळी कूलर बदललेलाच बरा. काम संपल्यावर तेलाची पातळीही इंजिन गरम झाल्यावर, ते चालू असतानाच, सपाट जागी पाहायची. थंड गाडीत पाहिली की तेल कमी वाटतं आणि नको इतकं ओतलं जातं.

पोर्शे सगळ्यांच्या दारात नसते. पण बजाजची पल्सर २२० किंवा रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसीच्या मोटरसायकली आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याही इंजिनापुढे छोटा ऑइल कूलर असतो आणि त्याला दोन नळ्या. गाडी धुताना त्यावरचा चिखल काढावा, नळीच्या सांध्यावर तेलाचा ओला डाग दिसतोय का ते पाहावं. दोन मिनिटांचं काम!

आणि हात धुऊन स्वयंपाकघरात गेलात की शेगडीमागची गॅसची नळीही एकदा पाहा. ती कुठे चेपली आहे का? शेगडीच्या धगीपाशी गेली आहे का? तिच्यावर छापलेली तारीख पाच वर्षांपूर्वीची तर नाही ना? इंजिन असो वा शेगडी, सगळ्यांचं लक्ष असतं ज्योतीकडे. घराचं रक्षण करते ती मात्र मागे, अंधारात, नीट बसवलेली नळी.