विश्लेषण : ‘नायट्रस’ आधी की ट्युनिंग आधी? यवतमाळच्या उन्हात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

डिकीत निळी बाटली, स्टिअरिंगवर लाल बटण आणि बटण दाबताच सुसाट गाडी. मोबाइलवर असे व्हिडीओ पाहून ‘आपल्याही एमएच-२९ ला नायट्रस बसवू’ असे अनेकांना वाटते. पण बाटली बसवणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे. अवघड काम त्याच्या आधीचे, आणि नेमके तेच टाळले जाते.

नायट्रस म्हणजे काय?

नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही. ते स्वतः जळत नाही. सिलिंडरमध्ये सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्याचे विघटन होते आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. शिवाय द्रवरूप नायट्रसचे वायूत रूपांतर होताना आत जाणारी हवा थंड होते, म्हणजे दाट होते. ऑक्सिजन वाढला की जास्त पेट्रोल जाळता येते आणि ताकद वाढते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांनी उंचावरच्या विरळ हवेत हीच युक्ती वापरली होती.

मग इंजिन फुटते कशाने?

ऑक्सिजन वाढला, पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढले नाही तर मिश्रण ‘लीन’ होते. तापमान चढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकते. दोष नायट्रसला दिला जातो. चूक असते पेट्रोलच्या हिशेबात.

‘वेट’ किटमध्ये नायट्रससोबत जादा पेट्रोलही नोझलमधून येते. ‘ड्राय’ किटमध्ये ते गाडीच्याच इंजेक्टरमधून द्यावे लागते. दोन्हींत पेट्रोल पंपाची क्षमता आधी तपासावी लागते. छोट्या कारचा पंप आणि इंजेक्टर कंपनीने मूळ ताकदीच्या हिशेबाने दिलेले असतात.

ट्युनिंगमध्ये काय काय येते?

नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. ट्युनर मंडळींचा ढोबळ नियम असा की, दर ५० हॉर्सपॉवरच्या वाढीमागे टायमिंग सुमारे २ अंश मागे घ्यायचे. स्पार्क प्लग एक पायरी ‘कोल्ड’ लागतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि आरपीएम साधारण तीन हजारांच्या वर असतानाच गॅस सुटावा, यासाठी स्विच लागतो. पेट्रोलचा दाब पडताच गॅस बंद करणारा स्विच वेगळा. हे सगळे कानाने आवाज ऐकून जमत नाही. डायनो आणि वाइडबँड मीटर लागतो.

यवतमाळचा मुद्दा वेगळा का?

बाटलीतला दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ५० बार असतो. नायट्रसचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश आहे. त्यापुढे तो द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहूनही वर. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी केलेले ट्युनिंग मे महिन्यात लागू पडत नाही. जेट तेच, पण त्यातून सुटणारा गॅस वेगळा. थंड देशातल्या व्हिडीओत हे कोणी सांगत नाही. दाब फार वाढला तर बाटलीची सेफ्टी डिस्क फुटते. ती डिकीत, माणसे बसलेली असताना फुटू नये म्हणून बाहेर काढलेली नळी हवी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किटची आरसीवर नोंद होते. नायट्रससाठी तशी वाट नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला आयते कारण मिळते. त्यात समोरच्याचा जीव गेला, तर प्रश्न दंडापुरता उरत नाही.

तरीही शौक असेल तर?

वेगाची आवड हा गुन्हा नाही, पण तिची जागा रस्ता नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गावर रात्री बैलगाडी, कापसाचा ट्रॅक्टर आणि बिनदिव्याची दुचाकी एकाच पट्ट्यात असतात. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ ट्रॅक आहेत. विदर्भातही अशी बंदिस्त, रुग्णवाहिका उभी असलेली जागा मागायला हवी. ती मागणी रास्त आहे.

तोवर पैशांचा क्रम सरळ ठेवा. आधी ब्रेक आणि टायर, मग इंजिनचे कॉम्प्रेशन तपासणे, मग पंप आणि ट्युनिंग. बाटली सर्वांत शेवटी, आणि तीही फक्त ट्रॅकवर. ‘बाटली लावून देतो, ट्युनिंगची गरज नाही’ असे जो मेकॅनिक म्हणतो, त्याच्या हाती गाडीची चावी देऊ नका.