वाईन बनते, पण विकायची कोणी?

‘वायनरी’ हा शब्द आता नाशिक भागात पोराटोरांच्याही तोंडी आहे. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले. कित्येक बागायतदार कर्ज काढून कारखानदार बनले. वाईनही चांगली झाली. गाडे अडले ते विक्रीपाशी, आणि ते का अडले हे समजून घेतल्याशिवाय कोणी नवी बाग लावू नये.

लहान बिअरवाल्याचे एक बरे असते. सातूचे माल्ट कोरडे असते, पोत्यात टिकते. मागणीप्रमाणे माल काढावा, काही आठवड्यांत पैसा मोकळा. द्राक्षाचे तसे नाही. वर्षाचा सगळा माल जानेवारी ते मार्च या हंगामात पिळावा लागतो. टाक्या, शीतकरण, बाटल्या, बुचे यांचा खर्च आधी होतो. लाल वाईन तर मुरायलाच महिनोन्‌महिने घेते. बँकेचे व्याज मात्र कोणासाठी थांबत नाही.

पुढे बाजार. प्रत्येक राज्याचे उत्पादन शुल्काचे नियम वेगळे, लेबलची नोंदणी वेगळी, फी वेगळी. मोठी कंपनी हा खर्च लाखो बाटल्यांवर वाटते. लहान माणसाचा तोच खर्च काही हजार बाटल्यांवर पडतो. टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणजे ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याचेच गिऱ्हाईक मागणार. मग दुकानदार नव्या बाटलीला फळीवर जागा कशाला देईल?

२००८ साली जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलांतली गर्दी ओसरली आणि वायनऱ्यांचा माल पडून राहिला. आता बघा, जुनी वाईन टाकीत असेल तर नवे द्राक्ष ओतायचे कुठे? कारखान्याची अडचण अशी थेट बांधावर येते. काबर्ने, शिराझ या वाणांचे मणी बारीक, साल जाड, आत बी. ते खाण्याच्या बाजारात चालत नाहीत, त्यांचा चांगला बेदाणाही होत नाही. त्या काळात अनेकांनी हाताने वाढवलेल्या वेलींवर कुऱ्हाड चालवली, ती याच कारणाने.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याला मोठा विरोध झाला. दारूने घरे बसलेली आपण गावोगाव पाहतो, तेव्हा तो विरोध उगीच होता असे म्हणता येणार नाही. पण यातून धडा हा की, शासनाच्या एखाद्या निर्णयाच्या भरवशावर कर्जाचा आकडा वाढवू नये.

तेव्हा वाईनचा वाण लावण्याआधी चार गोष्टी पाहा. करार लेखी हवा. त्यात दर, गोडीची टक्केवारी आणि पैसे देण्याची तारीख हवी. माल नाकारला तर भरपाई काय, तेही लिहून घ्या. सगळे क्षेत्र वाईनला देऊ नका, काही खाण्याच्या द्राक्षाला ठेवा. आणि त्या वायनरीकडे गेल्या वर्षीचा माल किती शिल्लक आहे, हे विचारायला लाजू नका.

लहान वायनरीवाल्यांनीही एकट्याने लढण्यात अर्थ नाही. पाच-सहा जणांनी मिळून एक विक्रेता, एक गाडी, एक गोदाम ठेवावे. बाग पाहायला येणाऱ्या पाहुण्याला परवान्यानुसार जागेवर विकलेल्या बाटलीत मधल्या माणसाचा वाटा जात नाही, तिकडे जास्त लक्ष द्यावे.

सोसायटीचे सचिव आणि ग्रामसेवक मंडळींना एवढीच विनंती की, कोणी प्रक्रिया उद्योगाचा कागद घेऊन आला तर यंत्राची किंमत विचारण्याआधी ‘विकणार कुठे?’ हे विचारा. उत्तर नीट आले तरच पुढचे कागद काढा.