मडकी कोणी फोडली?

पोलासपूर नगरातील सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा जैन आगमांतील ‘उवासगदसाओ’ या ग्रंथात येते. कुंभार सधन होता. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. तो मक्खली गोशालाचा, म्हणजे आजीविक पंथाचा अनुयायी. उद्योग नाही, बळ नाही, पुरुषार्थ नाही, सर्व काही नियत आहे, ही त्या पंथाची शिकवण. उन्हात वाळत घातलेली मडकी पाहून भगवान महावीरांनी त्याला विचारले, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? प्रयत्नावाचून, कुंभार उत्तरला. मग महावीरांनी दुसरा प्रश्न टाकला : कोणी ही मडकी चोरली, फोडली, अथवा तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर काय करशील? कुंभार उसळला. त्याला बांधीन, मारीन, प्रसंगी जीवही घेईन! पण तुझ्या मते तर कोणी चोरत नाही आणि कोणी फोडतही नाही. मग शिक्षा कोणाला?

अडीच हजार वर्षांनी तोच नियतिवाद प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवून परतला आहे. फरक इतकाच, की पूर्वी त्याला प्रश्न विचारणारे होते. आज ‘विज्ञानाने सिद्ध केले’ एवढे तीन शब्द उच्चारले की भले भले सुशिक्षित मान तुकवतात.

सिद्ध काय झाले, ते एकदा तपासून पाहावे. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील बेंजामिन लिबेट यांनी काही जणांना घड्याळासारख्या फिरत्या ठिपक्यासमोर बसवले आणि मनाला येईल तेव्हा मनगट हलवण्यास सांगितले. हालचालीची इच्छा जाणवल्याची नोंद प्रत्यक्ष हालचालीपूर्वी सुमारे २०० मिलिसेकंद आली. मेंदूतील विद्युत्-संकेत मात्र त्याच्याही सुमारे ३५० मिलिसेकंद आधी उमटला होता. झाले! निर्णय मेंदूचा, माणूस केवळ साक्षीदार, असा डांगोरा जगभर पिटला गेला. खुद्द लिबेट यांनी मात्र तसे म्हटले नव्हते. उमटलेली ऊर्मी अखेरच्या क्षणी रोखण्याची शक्ती जाणिवेकडे उरते, असे त्यांचे मत होते. डांगोरा पिटणाऱ्यांनी ते सोयीस्करपणे गाळले. पुढे २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या संकेताचाच वेगळा अर्थ लावून दाखवला. मेंदूत सतत चालणारे अहेतुक चढउतार हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत गेले आणि त्यांची सरासरी काढली, की तसाच चढता आलेख मिळतो; त्याला आधीच झालेला निर्णय मानण्याचे कारण नाही. २००८ चा जर्मनीतील प्रयोग तर कित्येक सेकंद आधी निवड ओळखल्याचे सांगतो. पण त्याची अचूकता होती साधारण ६० टक्के. नाणे उडवले तर ५० टक्के हाती येतात! आणि मुळात मनगट हलवणे हा काय निर्णय झाला? मुलीच्या शिक्षणासाठी जमीन विकावी की नाही, या विचारात रात्र जागवणाऱ्या बापाचा निर्णय मिलिसेकंदांत मोजता येत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट सापोल्स्की अधिक चतुर आहेत. ‘डिटरमिन्ड’ या २०२३ च्या जाडजूड ग्रंथात ते लिबेटवर भिस्त ठेवत नाहीत. क्षणापूर्वीची मज्जारसायने, बालपण, गर्भावस्था, जनुके, पूर्वजांची संस्कृती, अशी कारणांची अखंड साखळी ते उभी करतात आणि विचारतात, यात स्वातंत्र्याला जागा कोठे आहे? त्यांच्या करुणेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अपस्माराच्या रुग्णांना एकेकाळी झपाटलेले समजून छळले जाई आणि ज्ञानाने तो छळ थांबवला, हे त्यांचे उदाहरण रास्तच आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष भयंकर आहे. गुन्हेगार म्हणजे ब्रेक निकामी झालेली मोटार. तिला दोष देऊ नये, रस्त्यावरून दूर ठेवावी. ऐकायला हे दयाळूपणाचे वाटते. परंतु शिक्षेला मुदत असते; दुरुस्तीला नसते. ब्रेक सुधारला की नाही हे कारखानदार ठरवतो, मोटारीला विचारीत नाही.

लोकमान्यांचे उदाहरण येथे अप्रस्तुत ठरू नये. १९०८ च्या जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयाने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेल्या गीतारहस्याचे दहावे प्रकरणच ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ हे आहे. कर्माची साखळी टिळक नाकारीत नाहीत, उलट तिचे कठोर वर्णन करतात; आणि तरीही स्वतःची सुधारणा करण्याचे स्वातंत्र्य मनुष्याच्या आत्म्याला आहे, असे ठासून सांगतात. कारणे असणे आणि कारणांचा कैदी असणे यांतला हा भेद, कारणांची नवी यादी हाती आली म्हणून पुसला जात नाही. नव्या मताप्रमाणे शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर आणि ती ऐकणारे टिळक, दोघेही सारखेच निर्दोष आणि सारखेच निःश्रेय. हे मानण्याची किती जणांची तयारी आहे?

स्वातंत्र्यामागोमाग निसर्गातील हेतूलाही हद्दपारीचा हुकूम निघतो. फ्रान्सचे नोबेलविजेते जाक मोनो यांनी १९७० मध्ये ‘यदृच्छा आणि अपरिहार्यता’ या जोडीवर सारी जीवसृष्टी मांडली. पण सजीवांची हेतुपूर्ण रचना वर्णन करण्यासाठी त्यांनाही ‘टेलिओनॉमी’ हा वेगळा शब्द वापरावा लागला. डार्विनला नाकारण्याची मुळीच गरज नाही. साखरेच्या दिशेने पोहणारा जिवाणू निवडीतून घडला असेल, पण तो कशासाठी तरी पोहतो, हेही तितकेच खरे. एडिंग्टन यांनी दिलेला दाखला येथे चपखल बसतो. दोन इंच छिद्राचे जाळे टाकणारा कोळी म्हणतो, समुद्रात दोन इंचांहून लहान मासाच नाही! भौतिकीने हेतूचा प्रश्न कामाच्या सोयीसाठी बाजूला ठेवला होता. बाजूला ठेवलेली वस्तू घरात नव्हतीच, असे आता सांगितले जात आहे.

या पाहुण्याला दार उघडणारे हात मात्र आपलेच आहेत. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून मुलाला अभ्यासाला न बसवणारा, पत्रिका दाखवून उद्योग पुढे ढकलणारा आणि ‘माझी जनुकेच अशी’ म्हणून व्यसनाचे समर्थन करणारा, हे तिघे एकाच पंगतीतले. पहिल्या दोघांना अंधश्रद्ध म्हणायचे आणि तिसऱ्याला विज्ञाननिष्ठ, हा कोणता न्याय?

सद्दालपुत्ताच्या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. कुंभाराने महावीरांचा मार्ग स्वीकारल्याचे कळताच गोशाल स्वतः पोलासपुरास आला. जगात प्रयत्न नाही असे शिकवणाऱ्या त्या आचार्याने कुंभाराचे मन वळवण्यासाठी खटपट केली. कुंभाराने त्याला राहायला जागा दिली, आसने दिली. मत मात्र दिले नाही. अखेर गोशाल निघून गेला.