गिरणी कामगाराचे घर रत्नागिरीत का नको?

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न हा मुंबईचा प्रश्न आहे, असे गृहीत धरूनच आजवर त्याची चर्चा होत आली आहे. मोर्चे आझाद मैदानावर येतात, बैठका मंत्रालयात होतात आणि सोडतीही मुंबईतच निघतात. ज्याच्या नावाने हे सारे चालते तो कामगार आज आहे कोठे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागरच्या वाड्यावाड्यांतून त्याची उत्तरे सापडतील.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्या जिल्ह्यातील चुली मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटत होत्या, त्या रत्नागिरीला हा घाव फार खोल लागला. अनेकांनी खोली सोडली आणि गावची वाट धरली. त्या वेळचे तरुण आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.

गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी मिळावा, अशी तरतूद १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. २००१मध्ये ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. कामगारांच्या वाट्याची जमीन तेथेच आक्रसली. त्यानंतर २०१२मध्ये ६,९२५, २०१६मध्ये गिरण्यांच्या जागेवरील २,६३४ व पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७, तर २०२०मध्ये ३,८९४ घरांची सोडत निघाली. एकूण घरे १५,८७०. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात! म्हणजे अकरा अर्जदारांमागे एक घर.

उरलेल्यांसाठी शासनाने १५ मार्च २०२४च्या निर्णयान्वये शेलू आणि वांगणी येथील ८१ हजार घरांचा मार्ग पुढे केला. घर नाकारणाऱ्याचा हक्कच संपुष्टात येईल, या त्यातील कलमाने असंतोष उसळला आणि ९ जुलै २०२५ रोजी कामगार व वारस आझाद मैदानात उतरले. तो रोष रास्त होता. ज्याचा मुलगा परळ-लालबागमध्ये नोकरी करतो, त्याला वांगणीचे घर गैरसोयीचे आहे आणि जो लांज्याला राहतो, त्याला तर ते निरुपयोगीच आहे. तेथे ना त्याचा रोजगार, ना त्याचे आप्त.

मग गावी परतलेल्या कामगाराला, त्याची इच्छा असल्यास, रत्नागिरीतच घर का देऊ नये? म्हाडाच्या कोकण मंडळाचे कार्यक्षेत्र ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. रत्नागिरी त्यातच येते. म्हणजे अडचण कायद्याची नाही, दृष्टीची आहे.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा की, गावात घर असताना फ्लॅट कशाला? कोकणातील घर म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो असे विचारणार नाही. सातबारावर डझनभर नावे, निम्मे वारस मुंबईत, पडवी कोसळली तरी दुरुस्तीला सर्वांची संमती हवी. शिवाय रात्री-अपरात्री छातीत कळ आली, तर जिल्हा रुग्णालय तासा-दोन तासांच्या अंतरावर. एकाकी वृद्ध दांपत्याला शहरातील ३०० चौरस फुटांची निर्वेध मालकीची जागा हा मोठा आधार ठरेल.

दुसरा आक्षेप रत्नागिरीकरांचा असेल, आणि तो अधिक गंभीर आहे. शीळ धरणाच्या पाण्यावर विसंबलेल्या शहराला उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागते. रस्ते अरुंद आहेत. या स्थितीत नव्या इमारती कशासाठी? पाण्याचा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच योजनेचा पहिला खर्च पाण्यावर व्हायला हवा. परंतु हाच मुद्दा सधनांच्या संकुलांना परवानगी मिळताना का आठवत नाही? पाणी सर्वांनाच अपुरे असेल, तर नकार केवळ परवडणाऱ्या घरांच्याच वाट्याला यावा, हा न्याय नव्हे.

आणखी एक वास्तव आहे. २००१मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती; २०११मध्ये ती १६,१५,०६९वर आली. देशभर माणसे वाढत असताना हा जिल्हा ओसरत होता. माणसे परतत असतील, तर तो भार नव्हे, बळ आहे.

अर्थात अटी स्पष्ट हव्यात. रत्नागिरीचा पर्याय ऐच्छिक असावा. तो न घेणाऱ्याचा मुंबईतील हक्क अबाधित राहावा. इमारती शहरापासून दूर, निर्जन कातळावर नकोत, एस.टी. आणि दवाखाना आवाक्यात हवा. सट्टेबाजांनी घरे गिळू नयेत म्हणून विक्रीवर काही वर्षांचे बंधन असावे. मागणी किती आहे, हे ग्रामपंचायतींमार्फत आधी नोंदवून घ्यावे. म्हणजे ओस इमारती उभ्या राहण्याची नामुष्की टळेल.

मुंबई ज्यांच्या घामावर उभी राहिली, त्यांनी चार दशके वाट पाहिली आहे. अर्जदाराच्या जागी आता वारसाचे नाव लागू लागले आहे. शासनाने, आणि रत्नागिरीकरांनीही, निर्णयाला आणखी विलंब लावला, तर घराची किल्ली घ्यायला तो कामगारच उरणार नाही.